विश्लेषण : चर्चमधील प्रार्थना कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या दुसऱ्या टप्प्यात शुक्रवारी, २६ एप्रिलला अमरावती आणि अकोल्यात मतदान झाले.  देशभरातील अनेक चर्चप्रमाणे वऱ्हाडातही अशा दिवसांत देशासाठी, निवडणूक शांततेत पार पडावी म्हणून प्रार्थना होते, ‘मतदान करा’ असे सांगितले जाते. पण धर्मगुरूंनी मतदानाविषयी बोलावे का, बोलले तर कुठपर्यंत, आणि कायद्याची रेषा नेमकी कुठे आहे, याविषयी मतदारांच्या आणि खुद्द धर्मगुरूंच्याही मनात गोंधळ असतो. एक टक्क्याहूनही कमी असलेल्या समाजासाठी ही रेषा का महत्त्वाची आहे, याचा आढावा...

प्रार्थनेचे आवाहन नेमके काय होते?

भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेची (सीबीसीआय) सर्वसाधारण सभा ३१ जानेवारी ते ७ फेब्रुवारी २०२४ या काळात बेंगळूरु येथे झाली. सभेअखेर काढलेल्या निवेदनात २२ मार्च हा दिवस देशासाठी प्रार्थना आणि उपवासाचा दिवस म्हणून पाळण्याचे आवाहन करण्यात आले. तो उपवासकाळातील शुक्रवार होता. त्यानंतरच्या शुक्रवारी गुड फ्रायडे आणि ३१ मार्चला ईस्टर आला. पात्र असलेल्या प्रत्येकाने मतदार यादीत नाव नोंदवावे, असेही या निवेदनात होते.

यातील दुसरा भाग बातम्यांत मागे पडला, पण नागरिक म्हणून तोच जास्त महत्त्वाचा. प्रार्थना कितीही केली तरी यादीत नाव नसेल तर मत पडत नाही. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणे ही ख्रिस्ती उपासनेतील जुनी रीत आहे. बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि अधिकारावर असलेल्या सर्वांसाठी प्रार्थना करण्याची सूचना आहे. तिथे राजा आवडता की नावडता, असा भेद केलेला नाही. त्यामुळे रविवारच्या उपासनेत पंतप्रधान, मुख्यमंत्री, न्यायाधीश आणि निवडणूक कर्मचारी यांच्यासाठी प्रार्थना झाली, तर त्यात नवे किंवा वावगे काही नाही.

वऱ्हाडातील ख्रिस्ती समाज कुठला?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्या किंचित खाली आहे. त्यातील मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई आणि पुणे पट्ट्यात आहे. वऱ्हाडात हा समाज विखुरलेला आणि संख्येने लहान आहे.

त्याचा इतिहास मात्र जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या प्रोटेस्टंट मिशनचे काम अकोल्यातून सुरू झाले आणि वऱ्हाडातील इतर गावांत पसरले. मेळघाटच्या कोरकू वस्त्यांतही त्याच सुमारास मिशनचे काम पोहोचले. कॅथॉलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे जिल्हे त्यात येतात. अनेक वऱ्हाडी कुटुंबांना मात्र चर्चपेक्षा मिशनची शाळा किंवा मिशनचा दवाखानाच अधिक ओळखीचा असतो.

मतपेढी म्हणावी एवढी ही संख्या नाही. कोणताही पक्ष अमरावती किंवा अकोल्याचे गणित ख्रिस्ती मतांवर मांडत नाही. म्हणूनच इथे प्रश्न ‘ही मते कुणाला’ हा नसून ‘इतक्या लहान समाजाने नागरिक म्हणून कसे वागावे’ हा आहे.

कायदा काय सांगतो?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम १२३ भ्रष्ट निवडणूक आचाराची यादी देते. धर्माच्या संदर्भात त्यातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, मतदारावर अनुचित दबाव. एखाद्याला मत दिले किंवा दिले नाही, तर देवाचा कोप होईल किंवा धर्मातून बहिष्कार होईल, असा समज मतदाराच्या मनात निर्माण करणे हा या कलमानुसार दबावच आहे. जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड विधानातील कलम १७१ क मध्येही याच धर्तीची तरतूद होती आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकत होती.

दुसरी, धर्माच्या नावावर मत मागणे. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या संमतीने इतर कुणी धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या आधारे मत देण्याचे वा न देण्याचे आवाहन केले, तर तो भ्रष्ट आचार ठरतो. निवडून आलेल्या उमेदवाराबाबत तो सिद्ध झाला तर निवडणूक रद्द होऊ शकते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील प्रचारावरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क पुढे सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला तो याच प्रकरणात.

याशिवाय धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, १९८८ हा वेगळा कायदा आहे. मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांच्या जागेचा राजकीय कामासाठी वापर करू देणाऱ्या व्यवस्थापकावर या कायद्याखाली कारवाई होऊ शकते. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिताही प्रार्थनास्थळे प्रचारासाठी वापरण्यास मनाई करते. २०२४ च्या निवडणुकीसाठी ही आचारसंहिता १६ मार्चपासून लागू होती.

‘त्याचा धर्म’ म्हणजे कुणाचा धर्म?

कलम १२३ (३) मधील ‘त्याचा धर्म’ या शब्दांवरून वर्षानुवर्षे वाद होता. बंदी फक्त उमेदवाराच्या धर्मापुरती, की मतदाराच्या धर्माचा आधार घेतला तरी लागू? मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. बहुमताने सांगितले, की बंदी व्यापक आहे. उमेदवार, त्याचा प्रतिस्पर्धी आणि मतदार यांपैकी कुणाच्याही धर्माच्या आधारे मत मागता येणार नाही.

अल्पमतातील तीन न्यायाधीशांची शंका वेगळी होती. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या मतानुसार, धर्म किंवा जातीमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना निवडणुकीत त्या अन्यायाविषयी बोलताच येऊ नये, असा अर्थ काढला तर लोकशाहीतील चर्चाच आटेल. हा मुद्दा वऱ्हाडातील ख्रिस्ती समाजाला पुढे थेट लागू पडतो.

मग रविवारच्या प्रवचनात काय चालते, काय नाही?

देशासाठी, शांततेसाठी, सर्व उमेदवारांसाठी प्रार्थना करता येते. मतदान करा, यादीत नाव तपासा, पैसे किंवा दारू घेऊन मत विकू नका, असे सांगता येते. उमेदवाराचे चारित्र्य, काम आणि जाहीरनामा पाहून ठरवा, असेही सांगता येते. संविधानाच्या उद्देशिकेचे वाचनही करता येते.

अमुक उमेदवाराला किंवा पक्षाला मत द्या, असे देवाच्या किंवा धर्माच्या नावाने सांगता येत नाही. ‘तो आपल्यातला आहे’ म्हणून मत द्या किंवा ‘तो त्यांच्यातला आहे’ म्हणून देऊ नका, हेही चालत नाही. उमेदवाराला चर्चमध्ये बोलावून प्रचाराचे भाषण करू देता येत नाही. तो उपासनेला आला तर बाकावर बसू शकतो. माइक त्याच्या हाती देणे ही वेगळी गोष्ट.

अडचण येते ती मधल्या भागात. नाव न घेता केलेला इशारा, प्रवचनातील सूचक गोष्ट, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेला एखाद्या पक्षाचा संदेश या गोष्टी सरळ बंदीत बसवणे कठीण जाते. तरीही ग्रुप चर्चच्या नावाने आणि संदेश पाळकांच्या क्रमांकावरून असेल, तर ‘हे माझे वैयक्तिक मत’ हा बचाव लंगडा पडतो. २०२४ मध्ये प्रचार बुधवारी, २४ एप्रिलला सायंकाळी ६ वाजता थांबला. त्यानंतरच्या ४८ तासांत प्रार्थना सभा घ्यायला हरकत नव्हती. त्या सभेतून मते मागायला होती.

कॅथॉलिक धर्मगुरूंवर तर चर्चचेही बंधन आहे. १९८३ च्या कॅनन लॉनुसार धर्मगुरूंना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यास आणि सत्तेची सार्वजनिक पदे स्वीकारण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. सामान्य भाविकांना मात्र तशी मनाई नाही. उलट सार्वजनिक जीवनात उतरणे हे त्यांचे काम मानले जाते.

प्रार्थना आणि राजकारण यांची गाठ फक्त चर्चमध्येच पडते असे नाही. एप्रिल २०२२ मध्ये ‘मातोश्री’बाहेर हनुमान चालिसा म्हणण्याच्या घोषणेवरून खासदार नवनीत राणा आणि आमदार रवी राणा यांना अटक झाली, तेव्हा अमरावतीने हा वाद जवळून पाहिला आहे. कलम १२३ मात्र धर्म कुठला हे पाहत नाही. मत मागण्यासाठी श्रद्धा वापरली का, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

याआधी कुठे वाद झाले?

गुजरात विधानसभा निवडणुकीच्या वेळी, नोव्हेंबर २०१७ मध्ये गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा म्हणून प्रार्थना करण्याचे आवाहन करणारे पत्र काढले. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना नोटीस बजावून खुलासा मागितला. मे २०१८ मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी देशातील राजकीय वातावरण अस्वस्थ असल्याचे सांगत, २०१९ च्या निवडणुकीपर्यंत दर शुक्रवारी उपवास आणि प्रार्थना करण्याचे आवाहन केले. त्या पत्रात कुठल्याही पक्षाचे नाव नव्हते, तरी भाजपच्या नेत्यांनी त्यावर जोरदार टीका केली.

दोन्ही पत्रांचा विषय प्रार्थनाच होता. फरक शब्दांचा आणि वेळेचा. निवडणूक जाहीर झालेली असताना एका बाजूकडे बोट दाखवणारा शब्द प्रार्थनेत आला, की ती प्रार्थना प्रशासनाला प्रचारासारखी ऐकू येते. २०२४ च्या सीबीसीआय निवेदनाचा भर मतदार नोंदणीवर होता, हे या पार्श्वभूमीवर लक्षात घ्यायला हवे.

चर्चने वेगळी वाट काढल्याची उदाहरणे ईशान्येत आहेत. मिझोराम आणि नागालँडमध्ये ख्रिस्ती बहुसंख्य आहेत, तरी भर पक्षावर नसून आचारावर असतो. मिझोराममध्ये चर्चच्या पुढाकाराने उभा राहिलेला मिझोराम पीपल्स फोरम उमेदवारांना एका मंचावर आणतो आणि प्रचाराच्या खर्चाला, गोंगाटाला मर्यादा घालतो. नागालँडमध्ये बाप्टिस्ट चर्च कौन्सिलने मतविक्री आणि बोगस मतदानाविरुद्ध स्वच्छ निवडणुकीची मोहीम चालवली आहे.

सणाच्या दिवशीच मतदान आले तर?

अमरावती-अकोल्याने हा प्रसंग अनुभवला आहे. २०१९ मध्ये दोन्ही मतदारसंघांत १८ एप्रिलला मतदान झाले. तो ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार होता. येशूने शिष्यांसोबत केलेल्या अखेरच्या भोजनाची आठवण त्या दिवशी करतात आणि संध्याकाळी चर्चमध्ये मोठी उपासना असते. त्याच दिवशी तामिळनाडूतही मतदान होते. तिथे चर्चच्या शाळांत मतदान केंद्रे असल्याने भाविकांची अडचण होईल, म्हणून तारीख बदलण्याची मागणी झाली. मद्रास उच्च न्यायालयाने ती फेटाळली.

मिझोराममध्ये उलट घडले. विधानसभेची मतमोजणी ३ डिसेंबर २०२३ रोजी, रविवारी ठरली होती. रविवार उपासनेचा दिवस असल्याने चर्च आणि राजकीय पक्षांनी विनंती केली आणि आयोगाने मतमोजणी सोमवारी, ४ डिसेंबरला ठेवली. २०२४ मध्ये २६ एप्रिलला शुक्रवार आला, म्हणून केरळमधील मुस्लिम संघटनांनी नमाजाचे कारण देत तारीख बदलण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. थोडक्यात, सणाचा विचार आयोग करू शकतो, पण तो करायलाच हवा असा हक्क कुणाला नाही. मतदान सकाळी ७ ते सायंकाळी ६ असल्याने उपासना आणि मतदान दोन्ही जमतात, ही व्यवहारातली बाजू.

अमरावतीत मत देता येते, मग उमेदवारी का नाही?

इथे विषय प्रार्थनेकडून हक्काकडे वळतो. अमरावती लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मत सर्वांना देता येते, उमेदवार मात्र अनुसूचित जातीचाच हवा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत.

वऱ्हाडातील एखाद्या वस्तीत याचा अर्थ असा होतो, की एकाच जातीतून आलेल्या दोन शेजारी घरांपैकी बौद्ध घरातला माणूस अमरावतीतून उभा राहू शकतो, ख्रिस्ती घरातला नाही. अकोला मतदारसंघ सर्वसाधारण आहे. त्यामुळे अमरावतीत मत देणारा ख्रिस्ती नागरिक शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या अकोल्यातून लोकसभेला उभा राहू शकतो, पण आपल्याच गावातून नाही.

जातीचे प्रमाणपत्र या मतदारसंघात किती निर्णायक ठरते, हे २०२४ मध्ये दिसले. नवनीत राणा यांचे प्रमाणपत्र मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०२१ रोजी रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल २०२४ रोजी तो निर्णय फिरवला.

अनुसूचित जमातींचा नियम वेगळा आहे. तिथे धर्माची अट नाही. त्यामुळे मेळघाट या राखीव विधानसभा मतदारसंघात ख्रिस्ती कोरकू उमेदवार असू शकतो. धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळावे, अशी मागणीही काही संघटना करतात.

दलित ख्रिस्तींच्या प्रश्नावर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका प्रलंबित आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. केंद्राने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. हिंदू समाजातील अस्पृश्यतेच्या अन्यायावर हा उपाय आहे, तो इतर धर्मांना का द्यावा, असा एक पक्ष. धर्म बदलला तरी वस्ती, विहीर आणि आडनाव बदलत नाही, असा दुसरा. हा प्रश्न उमेदवाराला विचारणे ही संविधानाच्या एका आदेशावरची चर्चा आहे. ‘ख्रिस्ती म्हणून अमक्याला मत द्या’ हे धर्माच्या नावावर मत मागणे आहे. अल्पमताच्या न्यायाधीशांना जो फरक जपायचा होता, तो हाच.

संख्या कमी असलेल्यांना ही रेषा का हवी?

ब्रिटिश काळात १९३५ च्या कायद्याने काही प्रांतांत भारतीय ख्रिस्तींसाठी वेगळ्या जागा ठेवल्या होत्या. मुंबई प्रांतात त्या तीन होत्या. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात एकही नव्हती. म्हणजे वऱ्हाडातील ख्रिस्ती मतदार तेव्हाही सर्वसाधारण मतदारांतच होता. पुढे संविधान सभेत अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न आला, तेव्हा सभेचे उपाध्यक्ष आणि स्वतः ख्रिस्ती असलेले हरेंद्र कुमार मुखर्जी यांनी त्या सोडण्याच्या बाजूने भूमिका घेतली. जेझुइट धर्मगुरू जेरोम डिसोझाही त्या सभेत होते. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द झाल्या.

त्या निर्णयामागे एक विश्वास होता: आपला उमेदवार नसला तरी कायदा आपल्या बाजूने असेल. धर्माच्या नावावर मते मागण्याला बंदी हा त्या कायद्याचा गाभा आहे. एका रविवारी चर्चने ही रेषा ओलांडली, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या धर्माच्या व्यासपीठावरून तेच झाल्यावर तक्रार करण्याचा नैतिक आधार उरत नाही. बहुसंख्याकांना धर्माच्या नावावर मते मागून जिंकता येते. एक टक्क्याला नाही. त्यामुळे बंदी शिथिल झाली तर पहिला तोटा लहान समाजाचा आहे. धर्मगुरूंनी संयम पाळावा तो भीतीपोटी नव्हे, हिशेब म्हणूनही.

तरी एकेका मताची किंमत कमी होत नाही. २०१९ मध्ये अमरावतीचा निकाल ३६ हजार ९५१ मतांनी लागला होता. मतदानयंत्रात धर्म नोंदला जात नाही. तिथे लहान समाजाचे मत मोठ्या समाजाच्या मताएवढेच मोजले जाते.

२६ एप्रिल २०२४ ला काय लक्षात ठेवायचे होते?

२०२४ मध्ये मतदार यादीतील नाव आणि केंद्र आयोगाच्या संकेतस्थळावर, व्होटर हेल्पलाइन ॲपवर किंवा १९५० या क्रमांकावर तपासता येत होते. ओळखपत्र नसेल तर आधार कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट अशी इतर कागदपत्रे चालतात. फक्त मतदार चिठ्ठी ओळख म्हणून पुरत नाही. मतदानाच्या दिवशी कामगारांना भरपगारी सुट्टीचा हक्क आहे. प्रार्थनास्थळातून प्रचार होताना दिसला तर २०२४ मध्ये सी-व्हिजिल ॲपवर छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवून तक्रार करता येत होती. मग ते प्रार्थनास्थळ कुठल्याही धर्माचे असो. वऱ्हाडातील एप्रिलचे ऊन पाहता सकाळी लवकर केंद्र गाठणे बरे होते.